तुम्ही विचारलंत म्हणून: लाखाचा डॅक घ्यावा का?

अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला टाकून जाणारं गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरता उतरता हमखास थांबतं. "घरात गाणं कसं, समोर बसून ऐकल्यासारखं वाटलं पाहिजे. डॅक कुठला घेऊ? महागड्यात खरंच फरक असतो, की नुसती हवा?"

कुणाच्या हौसेवर आपणहून बोलू नये. पण विचारलंत, म्हणून सांगतो. फरक असतो. किमतीत दिसतो तेवढा मात्र नसतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत तो कानापर्यंत पोचायच्या आत खोलीच त्याला खाऊन टाकते.

डॅक म्हणजे डिजिटल गाण्यातल्या आकड्यांतून पुन्हा आवाजाची लहर उभी करणारं यंत्र. तुमच्या फोनमध्ये आहे, टीव्हीत आहे. फिलिप्स आणि सोनीने १९८२ साली सीडी आणली तेव्हा सेकंदाला लहरीचे ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एक, असं माप ठरलं. आज ऑनलाइन ऐकता त्यातलंही बरंचसं गाणं याच मापात असतं. काम चाळीस वर्षं तेच आहे, ते करणारी चिप मात्र स्वस्त आणि चांगली होत गेली. महागड्या डॅकवाल्यांची खरी अडचण इथेच आहे.

हे काम करायच्या तऱ्हा वेगवेगळ्या. जुनी तऱ्हा शिडीची, जिला आर-टू-आर म्हणतात. रेझिस्टर दोनच किमतींचे, एक दुसऱ्याच्या दुप्पट, आणि प्रत्येक पायरी वरच्या पायरीच्या निम्मी. दिसायला सोपी, करायला महाकठीण. १६ बिटची शिडी अचूक हवी तर सगळ्यात वरची पायरी ६५,५३६ भागांत एका भागाइतकीही चुकता कामा नये. बाजारात मिळणारा चांगला रेझिस्टर ०.०१ टक्क्याचा, म्हणजे १०,००० भागांत एक. मग निवडून, जुळवून, दुरुस्त्या करून ते गणित बसवायचं. तुमच्या पैशातले बरेचसे तिथे जातात. डेनाफ्रिप्स, होलो, अमेरिकेतली एमएसबी या कंपन्या या पंथातल्या.

दुसरी तऱ्हा डेल्टा-सिग्माची. थोड्याच पायऱ्या, पण प्रचंड वेगाने चालवायच्या आणि उरलेली खरखर कानाला ऐकू येत नाही अशा वरच्या पट्ट्यात ढकलायची. स्वस्तातला स्वस्त डॅक याच तऱ्हेचा, आणि लाखाचेही पुष्कळ. इंग्लंडची कॉर्ड कंपनी तयार चिप न वापरता एफपीजीएवर, म्हणजे आतली रचना आपल्याला हवी तशी ठरवता येते अशा चिपवर, स्वतःचं गणित चालवते. त्यांच्या क्यूटेस्ट या डॅकच्या फिल्टरला, म्हणजे नमुन्यांमधली लहर भरून काढणाऱ्या गणिताला, ४९,१५२ टॅप्स (गणिताच्या पायऱ्या), वरच्या डेव्हला १,६४,००० च्या पुढे. केंब्रिजजवळच्या डीसीएसची रिंग डॅक नावाची आपली वेगळीच रचना आहे. सारख्या किमतीचे भाग सतत आळीपाळीने वापरायचे, म्हणजे एखाद्या भागातली चूक एकाच जागी न साचता सगळीकडे विखुरते. डोकं लावलंय, यात वाद नाही. प्रश्न आहे तो तुमच्या खोलीत त्यातलं किती ऐकू येतं हा.

आमच्या कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला फाउंड्री असलेला एक मित्र आहे. दिवसभर मशीनच्या आवाजात, म्हणून संध्याकाळी त्याला स्वच्छ गाणं लागतं. त्याच्याकडे एकदा तीन डॅक एकत्र आले. त्याचा स्वतःचा डेनाफ्रिप्स टर्मिनेटर, पुण्याहून कुणीतरी आणलेला क्यूटेस्ट आणि माझ्या दुकानातला टॉपिंग कंपनीचा दहा-बारा हजारांचा. चार-पाच जण बसलो. पहिल्या फेरीत सगळ्यांनी टर्मिनेटर उचलला. "काय भरदार लागतोय बघा!" आता टर्मिनेटर बॅलन्स्ड केबलने, म्हणजे एकच सिग्नल सुलट आणि उलट असा दोन तारांतून नेणाऱ्या केबलने जोडलेला, त्या वाटेने तो चार व्होल्टच्या वर देतो. बाकीचे दोघे दोन व्होल्टवाले. आवाज आम्ही कानाने जुळवून घेतला होता, पण मीटर लावला तर टर्मिनेटर अजून डेसिबलभर मोठाच होता. एवढा फरक कानाला ‘मोठा’ असा वाटतच नाही, ‘चांगला’ असा वाटतो. दुकानदार मंडळींना हे पक्कं ठाऊक असतं.

मग रीतसर जुळवलं. रीत लिहून ठेवा, कारण याशिवाय केलेली तुलना ही तुलना नव्हे. १०० हर्ट्झचा टोन लावायचा, मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर धरायचा. १,००० हर्ट्झचा टोन घेऊ नका, आपल्याकडचे साधे मीटर घरच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेले असतात, वर गेले की खोटं बोलायला लागतात. एका डॅकला दोन व्होल्ट दिसले तर दुसऱ्यात ०.०४ व्होल्टपेक्षा जास्त फरक राहता कामा नये, म्हणजे ०.२ डेसिबलच्या आत आलात. टोन लावताना आवाज बेताचा ठेवा, स्पीकर जाळून मला दोष देऊ नका. आणि कुठला डॅक चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

या फेरीत मतं चौफेर उडाली. कुणी क्यूटेस्ट म्हणाला, कुणी टॉपिंगलाच टर्मिनेटर समजला. एकच गोष्ट जवळजवळ सगळ्यांनी बरोबर ओळखली. टर्मिनेटरवर एनओएस नावाचा मोड आहे, म्हणजे नमुने न वाढवता आहेत तसे वाजवायचे. तो लावला की माना डोलायला लागल्या. "हा बघा, हा नॅचरल!" कारण साधं आहे. त्या मोडमध्ये वरच्या पट्ट्यातला आवाज जरा कमी होतो. सीडीच्या मापाला १०,००० हर्ट्झवर पाऊण डेसिबल, २०,००० वर तीनेक डेसिबल. ‘स’ ‘श’ बोचत नाहीत, टाळांची धार कमी होते. म्हणजे ज्याला आपण नैसर्गिक म्हणालो तो मुळाला धरून असलेला आवाज नव्हता, किंचित मऊ केलेला होता. मला स्वतःला तो आवडतो. पण त्यासाठी लाख मोजायची गरज नाही, ट्रेबलची कळ जराशी मागे घेतली तरी बरंचसं तेच मिळतं. हे बोललो की शिडीवाले माझ्यावर चिडतात.

नैसर्गिक ठरवायचं तर पहिल्यांदा खरा आवाज कानात असायला हवा. या कोल्हापुरात एकेकाळी जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब गायचे, त्यांचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी माईकशिवाय ऐकलं. आता तीस माणसांच्या बैठकीलाही दोन मोठे स्पीकर उभे करतात, आणि आपला कान त्या स्पीकरलाच खरं गाणं समजतो. कुणी देवल क्लब या इथल्या गायनसंस्थेत किंवा कुणाच्या घरी माईकशिवाय गाणार असेल तर सोडू नका. नाहीतर मिरजेला सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बसा. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुती दोरा केसभर सरकवला की बोथट तंबोरा एकदम बोलायला लागतो. ती जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, कानात भरून घ्या, डॅकच्या परीक्षेला याहून चांगलं माप मला तरी मिळालेलं नाही.

परीक्षा अशी. जुनी, खऱ्या तंबोऱ्यांची मैफल निवडा. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची चालणार नाही, आणि हल्लीच्या निम्म्या रेकॉर्डिंगांत तोच असतो. गवई श्वास घ्यायला थांबतो तेवढ्यात मागे कान लावा. काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, गाणाऱ्याचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झ, खर्जाची तार ६९. त्या तारेतून पाचपट वर, ३४६ च्या आसपास, स्वयंभू गंधार, म्हणजे कुणी न छेडता आपोआप उमटणारा ग, वेगळा निघून येतो का? की सगळं मिळून नुसती घूंऽऽ ऐकू येते?

घूं येत असेल तर डॅकवर राग काढू नका. सोळा फूट लांबीची खोली साधारण ३५ आणि ७० हर्ट्झला स्वतःच घुमते. म्हणजे आपला खर्ज बरोबर तिच्या तावडीत सापडतो. खोलीत एका जागी तो दहा डेसिबलने फुगतो, चार फूट सरकलं की गायब. त्याच जागी दोन बऱ्या डॅकमधला फरक एक दशांश डेसिबलही नसतो. त्यात आपली घरं म्हणजे खाली शहाबादी नाहीतर गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंना रंगवलेल्या भिंती, समोर काचेचं शोकेस. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा, भिंतींमध्ये ती तडतडत राहते. राजारामपुरीत एका गिऱ्हाइकाकडे मी फक्त स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढले, सोफा मागच्या भिंतीपासून सोडवला आणि खाली जाड घोंगडं टाकायला लावलं. डॅकला हातही लावला नाही. वहिनी आतून विचारत आल्या, नवीन काय आणलंत म्हणून. घोंगड्याने वरची तडतड जाते, खर्ज नाही. खर्जाला बसायची जागाच बदलावी लागते.

अर्थिंगचंही बघा. जुन्या वाड्यांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. मग स्पीकरमधून हम्म येत राहतो आणि लोक त्यावर महाग केबलचा इलाज करतात. आधी वायरमनला बोलवा. लॅपटॉपमधून किरकिर येत असेल आणि डॅकला ऑप्टिकलची, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या केबलची, सोय असेल, तर त्या वाटेने जोडून पाहा.

तर घ्यायचं काय? स्पीकर आणि अ‍ॅम्प मिळून लाखाच्या आत असतील तर दहा-पंधरा हजारांचा कुठलाही नीट मोजमाप झालेला डॅक पुरे, उरलेले पैसे स्पीकरला. खोलीतला आवाज जुळलेला आहे, स्पीकर मनासारखे आहेत, आणि हात सैल आहे, तर क्यूटेस्ट किंवा शिडीवाला एखादा खुशाल घ्या. चांगल्या घडवलेल्या वस्तूचा आनंद असतोच, तो फुकाचा आहे असं मी म्हणणार नाही. फक्त चार दिवस घरी ठेवून ऐकायला देत असतील तरच घ्या, आणि ऐकताना आवाज जुळवून ऐका. मीटर नसेल तर माझा घेऊन जा. संध्याकाळपर्यंत परत आणा म्हणजे झालं, मलाही लागतो.