राजीनाम्याच्या आधीची आकडेमोड

नोकरी की धंदा, हा प्रश्न बहुतेक जण स्वभावावर नेऊन सोडतात. धाडसी असाल तर धंदा, नाहीतर आपली नोकरी बरी. स्वभावाचा संबंध नाही असं नाही, पण धंदे बुडतात ते अनेकदा पैसा चुकीच्या वेळी अडकल्यामुळे, आणि हे हिशेब राजीनामा देण्याआधी कागदावर मांडता येतात.

सुरुवात पगारापासून. हातात येणारा पगार १०० धरा. मालक तुमच्या निवृत्तीसाठी भरतो ती रक्कम, आरोग्य विमा, भरपगारी सुट्ट्या, कंपनीचा लॅपटॉप आणि फोन हे सगळं जोडलं की खरा आकडा सहज १२५ च्या आसपास जातो. तुमची तुलना या १२५ शी व्हायला हवी. लोक मात्र धंद्याची विक्री हातातल्या पगारासमोर ठेवतात आणि खूश होतात.

आता धंदा. समजा, छापील खोकी बनवून दुकानांना आणि छोट्या कारखान्यांना पुरवायची आहेत. विक्रीच्या ७० टक्के रक्कम कच्च्या मालात आणि छपाईत जाते, हातात उरतात ३० टक्के. जागा, एक मदतनीस, वाहतूक, हिशेबनीस असा महिन्याचा बांधील खर्च ४०. म्हणजे १२५ घरी न्यायचे तर ४० अधिक १२५, भागिले ०.३०. उत्तर ५५०. पगाराच्या साडेपाचपट विक्री, आणि तीही दर महिन्याला. हा आकडा बघून छाती दडपली तरी हरकत नाही, कारण अजून उधारी यायची आहे.

एका ऑर्डरचा प्रवास बघा. पहिल्या दिवशी ऑर्डर आली. तिसऱ्या दिवशी कागदवाल्याला रोख दिले, कारण नव्या माणसाला तो उधार देत नाही. चौदाव्या दिवशी माल पोचला आणि बिल गेलं. मुदत ४५ दिवसांची, म्हणजे ५९ वा दिवस. पण बिलावर सही करणारा रजेवर असतो, एका खोक्याचा रंग फिका निघालेला असतो, किंवा ‘पुढच्या लॉटमध्ये बघू’ म्हणून फोन ठेवला जातो. पैसे येतात सत्तराव्या दिवशी. तिसरा ते सत्तरावा, ६७ दिवस तुमचे पैसे दुसऱ्याच्या गोदामात पडून. महिन्याला ५५० च्या विक्रीला माल लागतो ३८५ चा. त्याला ६७ ने गुणून ३० ने भागलं की येतात ८६०. हे खेळतं भांडवल. म्हणजे जवळपास सात महिन्यांचा खरा पगार कायमचा अडकून राहणार, आणि यात यंत्र नाही, जागेची अनामत नाही. विक्री दुप्पट झाली तर हा आकडाही दुप्पट होतो. म्हणूनच ऑर्डरी वाढत असताना धंदा गळाठतो. वहीत नफा दिसतो आणि बँकेत मदतनिसाच्या पगारापुरतेही पैसे नसतात.

आता ऑर्डरसोबत निम्मी रक्कम आगाऊ घेऊन बघा. ३८५ पैकी २७५ गिऱ्हाइकाचेच आले, तुमचे अडकले ११०. त्याच ६७ दिवसांच्या हिशेबाने ८६० चे होतात साधारण २४६. भांडवल उभं करण्यासाठी बँकेचे उंबरठे झिजवण्याआधी ‘निम्मी रक्कम आगाऊ लागेल’ हे एक वाक्य बोलायची सवय लावा. आगाऊ रकमेचं नाव काढताच गिऱ्हाईक पळत असेल, तर तेही नोकरी हातात असतानाच कळलेलं बरं.

माल विकायचा नसून सेवा द्यायची असेल, तर भांडवल कमी लागतं पण दिवस कमी पडतात. ३६५ मधून १०४ शनिवार-रविवार आणि २६ सण, सुट्ट्या, आजारपणं काढली की उरतात २३५. त्यांतले सुमारे ६० टक्के, म्हणजे १४१ दिवसच बिल लावता येतं, बाकीचे गिऱ्हाईक शोधण्यात, कोटेशन देण्यात आणि वसुलीत जातात. महिन्याला १२५ प्रमाणे वर्षाचे १५०० आणि किरकोळ खर्चाचे १२० मिळून १६२०, भागिले १४१, दिवसाचा दर साडेअकरा. नोकरीत तोच दिवस, १५०० भागिले २३५, साधारण ६.४ ला पडतो. सुमारे पावणेदोनपट दर सांगताना जीभ अडखळत असेल, तर आधी तो दर चार लोकांना सांगून बघा.

नोकरी सांभाळून सुरुवात करणं म्हणजे अर्धवटपणा, असा एक समज आहे. रॅफी आणि फेंग या संशोधकांनी अमेरिकेतली आकडेवारी तपासून २०१४ मध्ये दाखवलं, की आधी नोकरीसोबत धंदा करून मग पूर्णवेळ उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी होती. पण संध्याकाळी काय तपासायचं हे ठरलेलं हवं. ओळखीच्यांनी घेतलेली पहिली ऑर्डर मोजू नका, ती भीड असते. तीन अनोळखी गिऱ्हाइकांनी पूर्ण किमतीत दुसऱ्यांदा ऑर्डर दिली आणि वेळेवर पैसे दिले, तर धंद्यात दम आहे असं समजा.

त्याआधी नेमणुकीचा करार वाचा. जोडधंद्याला मनाई, नोकरीत असताना बनवलेल्या गोष्टीवर कंपनीचा हक्क, गेल्यावर स्पर्धेला बंदी, ही तीन कलमं बघायची. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीत नोकरीला होता, म्हणून ॲपलचा पहिला संगणक त्याने आधी आपल्या कंपनीलाच देऊ केला. तिने नकार दिल्यावरच रस्ता मोकळा झाला. कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःच्या धंद्याची एक फाइलही नको.

घरकर्ज आणि आरोग्य विमा घ्यायचाच असेल तर पगाराच्या पावत्या सुरू असताना घ्या. नंतर बँक दोन-तीन वर्षांचे ताळेबंद मागते. हप्ता मात्र धंद्यातून नव्हे, शिलकीतून निघेल एवढाच. आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली म्हणजे देणं कंपनीचं आणि घर सुरक्षित, या भ्रमात राहू नका. कर्ज देताना बँक बहुतेकदा संचालकाची वैयक्तिक हमी घेते, मग कंपनीचा आडोसा त्या कर्जापुरता उरत नाही.

ज्यांना हातातलं काम प्रिय आहे पण विकणं आणि पैसे मागणं जिवावर येतं, त्यांना नोकरीच बरी, हे माझं स्पष्ट मत. अर्थशास्त्रज्ञ बार्टन हॅमिल्टन यांच्या २००० सालच्या अभ्यासात, दहा वर्षं स्वतःचा धंदा केलेल्या मध्यम माणसाची कमाई नोकरीत मिळाली असती त्यापेक्षा ३५ टक्क्यांनी कमी निघाली. तरी लोक टिकून राहतात, कारण कुणाच्या हाताखाली काम नको असतं. ती किंमत डोळे उघडे ठेवून मोजायची असेल तर खुशाल मोजा.

मोजणारच असाल तर घरखर्चाची रक्कम धंद्यापासून वेगळ्या खात्यात ठेवा, किमान बारा महिन्यांची. तिचा एक तृतीयांश उरला की अर्ज पाठवायला लागा, खातं रिकामं व्हायची वाट पाहू नका. नोकरी शोधायलाच तीन-चार महिने जातात, आणि खिशात काही नसताना पगाराची घासाघीस करता येत नाही.