लघवीच्या एका रिपोर्टसाठी अकरा दिवस

बाबांना केअर सेंटरमध्ये ठेवून दोन महिने झाले, पण त्या अकरा दिवसांची चीड अजून गेलेली नाही.

जागा, पैसे, छातीचा एक्स-रे सगळं चार दिवसांत उरकलं. अडलं ते फॉर्मवरच्या एका ओळीवर: ‘लघवीचं कल्चर निगेटिव्ह असल्याशिवाय प्रवेश नाही.’ म्हणजे तपासणीत लघवीत जंतू वाढले नाहीत असा रिपोर्ट हवा. पॅरालिसिसपासून बाबांना कायमचा कॅथेटर आहे, म्हणजे लघवीची नळी आणि तिला जोडलेली पिशवी. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. कोथरूडच्या आमच्या डॉक्टरांनी समजावलं, "महिनाभर कॅथेटर असला की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ताप नाही, पोटात दुखत नाही, अचानक बरळत नाहीत, मग अँटिबायोटिक देणार नाही. उगाच दिलं तर गरजेच्या वेळी लागू पडणार नाही."

काउंटरवर हे सांगितलं. "मॅडम, निगेटिव्ह आणा."

पुन्हा नमुना. लॅबचा मुलगा थेट पिशवीच्या तोटीतून बाटली भरायला लागला, मी त्याला थांबवलं. पिशवीत साठलेली लघवी कल्चरला चालत नाही. सिस्टरना बोलावून कॅथेटर बदलला, नव्या नळीतून सिरिंजने नमुना घेतला आणि दोन तासांच्या आत पोचायला हवा म्हणून तो घेऊन कर्वे रस्त्याच्या गर्दीतून मीच रिक्षाने लॅबला गेले. तीन दिवसांनी रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह.

शेवटी सेंटरच्या डॉक्टरांना भेटायचा हट्ट धरला. ते फक्त गुरुवारी येतात. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून त्यांनी खाली लिहिलं, ‘सध्या इन्फेक्शनची लक्षणे नाहीत, नेहमीची काळजी पुरेशी.’ पाच मिनिटं लागली! तुमचं असं अडलं तर काउंटरशी वाद घालू नका, पहिल्याच दिवशी डॉक्टरांची वेळ मागा.

त्याच दिवशी वॉर्ड पाहिला. बेसिनवर साबण नव्हता. मावशी एकाच हातमोज्यांनी, एकाच मगमध्ये तीन जणांच्या पिशव्या रिकाम्या करत होत्या. जंतू पसरतात ते असे, आणि मला मात्र अकरा दिवस कागदासाठी फिरवलं. मी तिथेच सिस्टरना बोलले. मावशींचा दोष नव्हता, त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

हो, पिशवी कमरेच्या खाली हवी पण फरशीला टेकता कामा नये. आणि तिथे जुलाबाची साथ आली तर सॅनिटायझरवर विसंबू नका, साबण-पाणीच लागतं.

आता प्रत्येक खाटेखाली वेगळा मग आहे. बाबांच्या मगवरचं नाव मी मार्करने लिहिलंय.