आमची वाटचाल: टोक वाकणारी ग्रास्पर

बेळगावात उद्यमबाग म्हटलं की फौंड्री आणि हायड्रॉलिक्स. आमच्या शेडमध्ये मात्र लॅपरोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची, ५ मिलिमीटरची ग्रास्पर होतात: बारीक नळीच्या टोकाला जबडा असलेले लांब चिमटे. सरळ ग्रास्परची वर्षं बरी गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

टोक वाकणारं ग्रास्पर बाजारात आणलं आणि एका स्पर्धकानं आमचाच पीस उघडून मापं घेतली. आमच्या खर्चापेक्षा कमी भावात माल काढला. ऑर्डरी तिकडं गेल्या, हप्ते थकले, शेड विकायची वेळ आली. कॅलिपरनं नळी मोजता येते हो. केबल आधी ताणून घेतली आहे की नाही, ते कॅलिपर सांगत नाही.

जबडा ओढणारी केबल वळणावर नळीच्या भिंतीला घासते. घर्षणांक ०.२ असेल आणि नळी ९० अंशांत एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं वळली, तर वळणांची बेरीज १८० होते; उलट दिशा एकमेकींना खोडत नाहीत. हँडलकडून दिलेल्या १० न्यूटनपैकी टोकाला ५.३ पोचतात. टेफ्लॉनच्या अस्तरानं घर्षणांक ०.१ वर आणला की ७.३. दुसरं दुखणं मध्यरेषेचं. केबल मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकली तर ९० अंशांत तिची वाट ०.७९ मिलिमीटरनं बदलते, आणि टोक वाकवताच जबडा आपसूक हलतो.

७×१९ ची केबल (सात पेड, प्रत्येकात १९ तारा) ७×७ पेक्षा लवचिक, पण ताणतेही जास्त. म्हणून क्रिंप केल्यावर, म्हणजे केबलच्या टोकावर धातूची टोपी दाबून बसवल्यावर, तुटण्याच्या भाराच्या ६० टक्के भार देऊन ती धरून ठेवायची, मगच जुळणी. कच्चा क्रिंप तिथंच सुटतो. नकलेत हे नव्हतं. थोड्याच वापरात केबल सैल, सुई निसटायची. नळी आतून धुण्याचं तोंड, म्हणजे फ्लश पोर्ट, तोही खर्च वाचवायला गाळलेला, त्यामुळं आत रक्त वाळायचं. मग वाफेनं निर्जंतुक करणारा १३४ अंशांचा ऑटोक्लेव्ह काय कामाचा? घाण धुतली गेली नाही तर वाफ तिच्याखाली पोचत नाही.

एक सर्जन मात्र आम्हाला सोडून गेले नाहीत. नवा पीस आला की ते टोक पूर्ण वाकवून सुई पकडतात आणि दोरा ओढून बघतात. खरेदी करणाऱ्या प्रत्येकानं असंच करावं. सरळ धरलेलं ग्रास्पर कुणाचंही चांगलंच चालतं. आणि या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांनो, विचारलं नसलंत तरी सांगतो: दुसऱ्या सीएनसी मशीनआधी भार मोजणारा लोडसेल घ्या.

डॉक्टरांच्या शब्दावर ऑर्डरी परतल्या, सगळ्या नाहीत. तो स्पर्धक अजून विकतोच. आता फ्लश पोर्टही बसवतो, बरोबर आमच्याच जागी.