झिरपत नाही, मग मीठ कशाला?

माझ्या मातीकामाच्या वर्गात टेबलावर एक राखाडी-निळा मग असतो, जर्मनीतल्या होअर-ग्रेन्झहाउझेनहून आणलेला. तो हाताळताना दर तुकडीत कुणीतरी विचारतंच, की हे भांडं झिरपत नाही म्हणता, मग वरून मिठाची झिलई कशाला? तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

शंका रास्त आहे. आपला माठ झिरपतो म्हणून त्यातलं पाणी गार होतं. जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातल्या कुंभारांना नेमकं उलटं हवं होतं, बिअर आणि वाइन मुरणार नाही असं भांडं. तिथली माती १२०० अंशांच्या पुढे तापवली तरी उभी राहते आणि तिचे कण वितळून एकमेकांना घट्ट धरतात. साधी लाल माती तेवढ्या आचेला बसकण मारते. तिथल्याच सीगबुर्ग गावच्या कुंभारांना हे १३०० च्या सुमाराला साधलं होतं आणि त्यांची कितीतरी भांडी बिनझिलईचीच आहेत. थेंबभरही झिरपत नाहीत.

तर मीठ गळती थांबवायला नाहीच. भट्टी ऐन भरात आली की वरच्या भोकांतून मीठ टाकायचे. ते तडतडतं, त्याची वाफ होते, आणि त्यातलं सोडियम भांड्याच्या अंगातल्या गारगोटीशी आणि अॅल्युमिना या मातीतल्याच घटकाशी मिळून तिथल्या तिथे काच होते. बाहेर पांढरा, आम्लाचा, घसा जाळणारा धूर. कुंचल्याने काही लावलेलं नसतं, भांड्याच्या स्वतःच्या कातडीचीच काच झालेली असते. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळगेदार.

माझ्या मते सगळी गंमत तिच्या पातळपणात आहे. जाड झिलई नक्षीच्या खाचा बुजवून टाकते. ऱ्हाइनकाठी साच्यातून काढलेली बायबलमधली दृश्यं, राजघराण्यांची चिन्हं, फ्रेखेन गावच्या सुरयांच्या गळ्यावरचे दाढीवाले चेहरे हे सगळं मातीत उठावाने चिकटवलेलं असे. मिठाच्या काचेखाली दाढीचा केस न्‌ केस दिसतो, वर घासून धुवायलाही सोपं. निळा रंगही याच आचेमुळे आला. फार थोडे रंग ती सोसतात, कोबाल्ट त्यातला एक. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रेरेन (आजच्या बेल्जियममधलं गाव) आणि सीगबुर्गचे काही कुंभार वेस्टरवाल्डमध्ये, म्हणजे होअर-ग्रेन्झहाउझेनच्या डोंगराळ भागात, येऊन राहिले, आणि राखाडीवर निळं ही तिथली ओळख झाली.

मजबुतीचं म्हणाल, तर १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘बटाव्हिया’ हे डच जहाज फुटलं. त्याच्या अवशेषांतून दाढीवाल्या सुरया वर काढल्या, तीनशेहून अधिक वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेल्या.

आणि आमच्या वर्गात आलात तर मगाबरोबर शेजारचा जुन्या सुरईच्या बुडाचा तुकडाही उलटा करून बघा. त्यावर शिंपल्यासारख्या कमानी दिसतील. चाक फिरत असतानाच दोरीने भांडं कापून काढलं, त्या दोरीच्या त्या खुणा. त्याहून जुन्या भांड्यांच्या बुडाला चुण्या असतात, बोटांनी एकेक दाबलेल्या. तिथे आपली बोटं ठेवून बघितली तर बरोबर बसतात.