अस्तरात लपवलेलं वांगं

टोकियोतल्या दाइकान्यामा भागात तेनुगुईचं एक दुकान आहे. तेनुगुई म्हणजे साधारण ३३ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब सुती कापड, आपल्या पंचाचा धाकटा भाऊ. दुकानाचं नाव 'कामावानु'. हे नाव ज्या नक्षीवरून पडलं ती समोरच टांगलेली होती: एक विळा, एक गोल कडं आणि एक जपानी अक्षर. विळ्याला जपानीत 'कामा' म्हणतात, कड्याला 'वा', आणि अक्षर 'नु'. तिन्ही सलग वाचली की होतं 'कामावानु', म्हणजे 'मला फिकीर नाही'. सातवा इचिकावा दांजुरो या काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी नाटकातल्या, नटाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही नक्षी रंगमंचावर मिरवली आणि ती घराघरात गेली. दोनशे वर्षांपूर्वीची माणसं कोडं अंगावर घालून हिंडत होती!

त्याच घराण्यातली दुसरी नक्षी मुळा आणि किसणीची. 'किसणे' आणि 'उतरवणे' या दोन्हींना जपानीत उच्चार एकच, 'ओरोसु'. म्हणून मुळा-किसणी म्हणजे पीडा उतरवणारी नक्षी. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट उतरवणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे समजावून घ्यायला वेळ लागला नाही. दोन्ही घेतल्या.

मी पुण्यात गेली अकरा वर्षं कापडी पिशव्या आणि बटवे शिवते. नोव्हेंबरात बारा दिवस जपानला गेले ते हेच बघायला, की तिथली माणसं कापडाशी इतकं खेळतात कशी. टोकियोत एकटी होते, पुढे नागोयाला मावसबहीण भेटणार होती.

पैसे देताना माझं लक्ष तेनुगुईच्या टोकांकडे गेलं. दोन्ही टोकांच्या कडा नुसत्या कापलेल्या, दुमड नाही, टीप नाही. माझे हात शिवशिवले. दुकानातल्या मुलीने ते ओळखलं असावं. तिने मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं: शिवू नका. दुमडीत पाणी राहतं, कापड वाळत नाही. आणि पूर्वी जखम बांधायला किंवा चपलेचा तुटलेला पट्टा सांधायला हातानेच फाडून घ्यायचे, त्याला कड मोकळी हवी. दशा सुटतील, सुटू द्या, आपोआप थांबतील. मी मान डोलावली, पण मनातून पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिनामी आओयामा. इथे फॅशन डिझायनर इस्से मियाके यांच्या कपड्यांची दुकानं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मला बघायच्या होत्या चुण्या. आपण कापडाला आधी चुण्या घालतो, मग ते बेततो आणि शिवतो. मियाके यांनी हा क्रमच उलटा केला. कपडा आधी शिवायचा, तोही हव्या त्या मापाच्या अडीच-तीनपट मोठा. मग तो कागदाच्या दोन थरांमध्ये घालून तापलेल्या दाबयंत्रातून काढायचा. पॉलिएस्टरला उष्णतेत दिलेली घडी विसरता येत नाही, त्यामुळे चुण्या कायमच्या बसतात. १९९३ मध्ये 'प्लीट्स प्लीज' या नावाने हे कपडे स्वतंत्रपणे बाजारात आले. मी एक अंगरखा हातात घेतला तेव्हा तो नुसती चपटी पट्टी होता. अंगात घातला आणि दंड वर केला, तर काखेपासून मनगटापर्यंत पंख्यासारखा उघडला. खाली आणला, मिटला. आरशासमोर मी हे किती वेळा केलं ते मोजलं नाही.

शेजारच्या टेबलावर 'बाओ बाओ' पिशव्या होत्या. जाळीदार कापडावर प्लास्टिकचे त्रिकोण बसवलेले, आणि प्रत्येक दोन त्रिकोणांमध्ये वाकायला बारीकशी फट. २००० साली ही पिशवी पहिल्यांदा निघाली तेव्हा तिचं नाव 'बिल्बाओ' होतं, स्पेनमधल्या त्या शहरातल्या गुगेनहाइम संग्रहालयावरून. रिकामी असताना ती ताटासारखी सपाट. विक्रेत्याने तिच्यात आधी चष्म्याचं घर टाकलं, मग पाण्याची बाटली. प्रत्येक वेळी पिशवीला नवे कोन फुटले, नवीन डोंगर तयार झाले. पिशवीला आकार यावा म्हणून मी आयुष्यभर आत फोम घालते, कॅनव्हास दुहेरी करते, कोपरे ठोकून बसवते. इथे बेतणाऱ्याने आकार ठरवलाच नाही, तो आत ठेवणाऱ्यावर सोडून दिला. मी त्या टेबलाजवळच उभी राहिले, पुढे सरकवेना.

मियाके १९३८ मध्ये हिरोशिमाला जन्मले. बॉम्ब पडला तेव्हा सात वर्षांचे होते, आणि किरणोत्सर्गामुळे तीन वर्षांच्या आत त्यांची आई गेली. यावर ते अनेक दशकं जाहीरपणे बोलले नाहीत. २००९ मध्ये एका अमेरिकी वर्तमानपत्रात लिहिलं तेव्हा साधारण असं म्हणाले, की मोडता येणाऱ्या गोष्टींपेक्षा घडवता येणाऱ्या, आनंद देणाऱ्या गोष्टींचा विचार करणं मी पसंत केलं, म्हणून कपड्यांकडे वळलो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. हे माहीत असताना तो पंखा उघडमिट करणं मला नुसतं गमतीचं राहिलं नाही.

त्यांच्याच परिवारातल्या, माकिको मिनागावा यांनी सुरू केलेल्या एका कपड्यांच्या मालिकेचं नाव वाचून मी थबकले: 'हाट'. आपलाच हाट, आठवडी बाजार! जपानी कानाला ते इंग्रजीतल्या 'हृदया'सारखंही ऐकू येतं, म्हणजे इथेही कोडं आहेच. अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्याबरोबर मियाके यांचं काम १९८० च्या दशकातच सुरू झालं होतं, त्यामुळे भारतीय हातमाग आणि हातशिलाई त्या कपड्यांत पाहुणी म्हणून आलेली नाही.

टोकियोतल्याच हाराजुकू भागातही गेले. शोइची आओकी यांनी १९९७ पासून वीस वर्षं 'फ्रूट्स' मासिकात इथल्या रस्त्यावरच्या पोरापोरींचे फोटो छापले आणि जगाला हा भाग कळला. आता ताकेशिता गल्लीत पर्यटकच जास्त. पण एक मुलगी दिसली, केसांत तीसेक क्लिपा. डावीकडे सगळ्या पिवळ्या, उजवीकडे सगळ्या निळ्या, आणि बरोबर मधोमध एकच लाल. लांबून पसारा वाटणाऱ्या त्या डोक्यात रांगोळीची शिस्त होती.

नागोयाहून लोकलने वीसेक मिनिटांवर आरिमात्सु. या गावासाठीच मी खरं तर तिकीट काढलं होतं. १६०८ मध्ये टोकियो आणि क्योतो जोडणाऱ्या जुन्या तोकाइदो महामार्गावर हे गाव वसवलं गेलं. शेतीला जमीन पुरेशी नाही, तेव्हा ताकेदा शोकुरो नावाच्या गृहस्थाने कापड बांधून रंगवायला सुरुवात केली आणि वाटसरूंना ते तेनुगुई म्हणून विकलं. हिरोशिगे या चित्रकाराने तोकाइदोच्या मुक्कामांची जी चित्रं काढली, त्यातल्या नारुमीच्या चित्रात हीच दुकानं आहेत. आजही जुनी काळ्या कौलांची घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत.

बांधून रंगवण्याच्या या कलेला शिबोरी म्हणतात. आपल्याकडची बांधणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना निम्मं समजलंच. फरक आहे तो प्रकारांच्या संख्येत. इथे शंभराहून जास्त प्रकार नांदले, आणि पूर्वी एकेका घरात एकच प्रकार, आईकडून मुलीकडे. नावं ऐका: 'कानोको' म्हणजे हरणाच्या पाडसाचे ठिपके, 'कुमो' म्हणजे कोळी, 'आराशी' म्हणजे वादळ. आराशीत कापड खांबाला गुंडाळून, दोरा वेटाळून दाबतात, मग तिरप्या पावसाच्या सरी उमटतात.

शिबोरी संग्रहालयात एक आजी प्रात्यक्षिक दाखवत होत्या. समोर लाकडी स्टँड, त्याला बारीक आकडा. कापडाचं टोक आकड्यात अडकवायचं, बोटांनी निऱ्या गोळा करायच्या आणि बुडापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळत न्यायचा. त्यांच्या उजव्या तर्जनीच्या पेराला दोऱ्याने पाडलेली खाच होती, गुळगुळीत, चकाकती. शेवटच्या वेढ्याला दोरा ओढला की 'क्युक्' असा आवाज यायचा. त्यांनी माझ्याकडे रुमाल दिला. तासाभरात माझ्या नऊ गाठी झाल्या. आजींनी नववीला बोट लावून बघितलं आणि काही म्हणाल्या.

"काय म्हणाल्या गं?" मी बहिणीला विचारलं.

"ताई, त्या म्हणतायत, ही घट्ट आहे, हिच्यात रंग शिरणार नाही. बाकीच्या आठ परत बांधा."

परत बांधल्या.

तिथल्याच एका दुकानात नव्या पिढीचं काम मांडलेलं होतं. गळपट्टा हातात घेतला तर तो फणसाच्या सालीसारखा: बोटभर उंचीचे शेकडो मऊ काटे. रंगाचा ठिपका नाहीच. सुती कापडाच्या गाठी सोडून धुतलं की ते सपाट होतं. पण पॉलिएस्टर बांधून तापवलं, मग गाठी सोडल्या, तर निऱ्यांचा सुळका तसाच उभा राहतो. जी गाठ रंग अडवायला होती, ती आता आकार द्यायला वापरली. शेकडो वर्षं जिला खूण म्हणून बघितलं, ती गाठच दागिना झाली. मी तो गळपट्टा ओढला, काटे लांबले, सोडला, परत टुणकन उभे. माझ्या मते या प्रवासातली ही सगळ्यात कल्पक वस्तू, आओयामातल्या पिशवीपेक्षाही, कारण इथे नवं काहीच आणलेलं नाही. हात तेच, गाठ तीच, फक्त शेवटची पायरी बदलली.

क्योतोला २१ तारखेला पोहोचायचं हे आधीच ठरवलं होतं, कारण दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिराच्या आवारात जुना बाजार भरतो. वापरलेले किमोनो ढिगाने. एका ढिगात मला पुरुषाचा हाओरी, म्हणजे किमोनोवर घालायचा अंगरखा, दिसला. कोळशासारखा काळा. विकणाऱ्या बाईंनी न बोलता तो उलटा केला. आत रेशमी अस्तरावर फुजी पर्वत, त्यावर झेपावणारा ससाणा आणि खाली दोन टपोरी जांभळी वांगी! नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी, ससाणा आणि वांगं दिसणं जपानात सर्वांत शुभ मानतात. बाई वांग्यांवर बोट ठेवून हसल्या.

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, सरकारने सामान्य लोकांच्या रेशमावर, भडक रंगांवर पुन्हा पुन्हा बंदी घातली. व्यापाऱ्यांकडे पैसा तर होता. मग त्यांनी बाहेरून साधे गडद रंग घातले आणि सगळी हौस अस्तरात ओतली. बंदी गेली, सवय राहिली. ज्याच्या कोणाच्या अंगावर हा हाओरी होता, तो माणूस बैठकीत गंभीर चेहऱ्याने बसला असेल आणि त्याच्या पाठीशी लागून दोन वांगी असतील. त्याला माहीत, त्याच्या बायकोला माहीत, बस. तोजीच्या अंगणात मला एकदम उलगडलं की मिटलेला अंगरखा, सपाट पिशवी, गाठीतला काटा, हे सगळं या अस्तराचं गोत्र आहे. गंमत आधी घालणाऱ्यासाठी, मग बघणाऱ्यासाठी. हाओरी दोन हजार येनला मिळाला.

दुपारी शिन्क्योगोकु बाजारामागच्या बोळात 'सोउ-सोउ'ची दुकानं शोधली. नावाचा अर्थ गप्पांमध्ये म्हणतो तसा, 'हो ना, हो ना'. इथली नक्षी बेतणारे कात्सुजी वाकिसाका १९६८ ते १९७६ फिनलंडच्या मारिमेक्को या कापड कंपनीत होते, तिथले पहिले जपानी नक्षीकार. शून्य ते नऊ आकडे भरगच्च मांडलेली त्यांची नक्षी तुम्ही पाहिलीत तर विसरणार नाही. मी मात्र आले होते जिकाताबीसाठी: अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र असा, रबरी तळाचा कापडी बूट. मुळात हा मजुरांचा बूट. १९२० च्या दशकात शोजिरो इशिबाशी यांनी रबरी तळाचे ताबी विकायला सुरुवात केली, ते खाणकामगारांनी उचलले आणि त्या रबरातूनच पुढे टायरची कंपनी उभी राहिली. 'इशि' म्हणजे दगड, 'बाशी' म्हणजे पूल. इंग्रजी करून उलटं फिरवलं की ब्रिजस्टोन! विळा-कडं-अक्षर लिहिणाऱ्यांचेच हे वारस.

मी आकड्यांच्या नक्षीचा जोड पायात चढवला. टाचेमागे पितळी चपटे आकडे, दोऱ्याच्या फाशांत एकेक अडकवायचे, ब्लाउजच्या हुकांसारखे. कोल्हापुरीतला अंगठा ज्याच्या सवयीचा आहे त्या पायाला ती फट अनोळखी वाटत नाही. अडचण झाली जोडव्यांची. अंगठ्याशेजारच्या बोटातलं जोडवं कापडाला आतून टोचत होतं. विकणाऱ्या मुलीने वाकून बघितलं, हाताने खूण करून विचारलं, हे काय? मी एक जोडवं काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते उजेडात धरलं, फिरवलं, वळं किती वेळा गेलंय ते मोजलं, आणि आदराने दोन्ही हातांनी परत दिलं. मग आत जाऊन अर्ध्या मापाने मोठा जोड घेऊन आली. तो बसला.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. मुळा-किसणीची तेनुगुई मी शिलाई मशीनशेजारी खिळ्याला अडकवली आहे, रोज हात पुसते, दर दोन दिवसांनी धुते. पहिल्या धुण्याला दशांचा गुंताच सुटला. मी तो कात्रीने कापला, शिवायला मात्र हात घातला नाही. तिसऱ्या-चौथ्याला थोडे धागे आले. सातव्या धुण्यानंतर कडेला बोटभर झालर राहिली आहे आणि तिच्यातून एकही धागा सुटलेला नाही.