संध्याकाळीच बंद पडणारा कॉम्प्युटर

घरी बसून मी काही छोट्या दुकानांचे हिशेब आणि जीएसटीचं काम बघते. जीएसटीआर-३बी या मासिक रिटर्नची २० तारीख जवळ आली की कॉम्प्युटरला उसंत नसते. गेल्या उन्हाळ्यात नेमक्या याच दिवसांत त्यानं छळायला सुरुवात केली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्री चालू असताना स्क्रीन एकदम काळी, त्यावर 'नो सिग्नल', आणि कॅबिनेट आपला आपण पुन्हा सुरू. कधी दिवसभर काही नाही, कधी संध्याकाळी लागोपाठ.

ओळखीच्या रिपेअरवाल्यानं फोनवरच निदान केलं. "ताई, विंडोज करप्ट झालंय. आणून द्या, फॉरमॅट मारून देतो." आपल्याकडे फॉरमॅट हा सगळ्या दुखण्यांवरचा उतारा आहे. पण फॉरमॅट म्हणजे टॅली, प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरचा ड्रायव्हर, सगळं नव्यानं बसवणं. तेही रिटर्नच्या तोंडावर. मी टॅलीच्या डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला आणि पुण्याच्या भाच्याला फोन लावला.

"मामी, निळी स्क्रीन येते का?" हा त्याचा पहिला प्रश्न. विंडोज कोसळलं की एरर दाखवणारी ती स्क्रीन मला दिसत तरी नव्हती. त्याचं म्हणणं, विंडोज स्वतःच रीस्टार्ट होतं, म्हणून ती वाचायच्या आत निघून जात असेल. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढायला लावली. तरी निळी स्क्रीन नाहीच. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला. 'सिस्टिम'च्या यादीत प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर', आयडी ४१. ही नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शट डाउन न होता पुन्हा सुरू झालं. कारण सांगत नाही. मात्र तिच्या तपशिलात 'बगचेककोड' असतो. निळी स्क्रीन आलेली असेल तर तिथे बहुधा तिचा आकडा सापडतो. माझ्याकडे सगळीकडे शून्य. म्हणजे काय झालं ते लिहून ठेवायलाही विंडोजला सवड मिळाली नव्हती. दोष विंडोजच्या बाहेरचा दिसत होता, त्यामुळे फॉरमॅटचा विषय माझ्यापुरता तिथंच मिटला.

उरले उष्णता, रॅम आणि वीज. कॅबिनेट उघडून धूळ काढली (आमच्यासारखं रस्त्यालगत राहणाऱ्यांनी हे एरवीही करावं), प्रोसेसरचं तापमान पाहिलं, ते ठीक होतं. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवून ठेवला. सकाळी एकही एरर नव्हती. मग भाच्यानं एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर, बोट ठेवलं. अंदाज वाजवी होता, असं अचानक बंद पडण्यात त्याचा हात बरेचदा असतो. बाजारात जाऊन नवा आणायचा, असं ठरतही आलं होतं.

पण हिशेबाचा पेशा. आकडे दिसले की मांडून बघायची सवय. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या वेळा कागदावर एकाखाली एक उतरवल्या. बहुतेक सगळ्या संध्याकाळी सहा ते सातच्या मधल्या, काही सकाळच्या, दुपारची एकही नाही. रॅम खराब असती तर तिनं दुपारची सुट्टी घेतली नसती. कागद समोर ठेवून बसले असताना खालून सासूबाईंची हाक आली, "मोटर लावतेय गं!" आणि स्क्रीन काळी.

आमचं रो-हाऊस आहे. नळाचं पाणी खालच्या टाकीत उतरतं, तिथून वर चढवायला मोटर लागते. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि घरातलं व्होल्टेज खाली बसतं. उन्हाळ्यात टाकी दोनदा भरावी लागते, तेव्हा हिशेब जुळला. फक्त एक अडत होतं: कॉम्प्युटर तर वीज गेली की बॅटरीवर चालवणाऱ्या यूपीएसवर होता! शिवाय मॉनिटर कधीच बंद पडत नव्हता, म्हणून सगळे कॅबिनेटलाच दोष देत होते.

टेबलाखाली वाकून वायरी तपासल्या. यूपीएसवर फक्त कॅबिनेट होता. मॉनिटरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मॉनिटर यूपीएसवर घेतला आणि सासूबाईंना मोटर लावायला सांगितलं. दोन्ही गेले. मग कॉम्प्युटर काढून यूपीएसला नुसता टेबल लॅम्प लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. लॅम्प लगेच विझला. बॅटरी पूर्ण मेलेली. वरचा हिरवा दिवा मात्र मेनची वीज आहे तोवर खुशाल जळत होता.

अशा छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते, उन्हाळ्याच्या उकाड्यात आणखी लवकर. व्होल्टेज पडलं की यूपीएस काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो आणि तेवढा खंड एसएमपीएस निभावून नेतो. बॅटरीच मेली असेल, तर यूपीएस तिच्याकडे वळतो आणि पुढे वीजच नसते.

दुकानदारानं जुनी बॅटरी घेऊन नवीवर थोडे पैसे कमी केले. पण दर संध्याकाळी व्होल्टेज एवढं का पडावं, हे उरलंच होतं, म्हणून वायरमनला बोलावलं. बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन काळा पडलेला निघाला. कॉम्प्युटरपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यानं वायरचं टोक कापून नव्यानं आवळलं आणि मोटरला एमसीबीपासून वेगळी लाइन ओढून दिली.

त्या महिन्याचं रिटर्न मोटर चालू असतानाच भरलं. भाचा अजून म्हणतो, "मामी, एसएमपीएस पण जुना झालाय, बदलून टाक." बघू, पुढच्या वर्षीच्या खर्चात.