चौथा वाढदिवस, आठ स्ट्रायकर

सोमवार, रात्री

येत्या रविवारी चिऊ चार वर्षांची होईल. दुपारी नागपूरहून तिच्या आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ताई जरा चाचरत म्हणाल्या, "अगं, एक विचारू का? राग मानू नकोस. खेळणं कितव्या वर्षाचं घेऊ? चारचं की दोनचं?"

मी उगाचच गॅस बंद केला. कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्या होत्या. "उद्या सांगते ताई," म्हटलं आणि फोन ठेवला. भात अर्धाकच्चा राहिला, तो परत लावला, आणि तो शिजेपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, की एवढा कामाचा प्रश्न आजवर एकाही नातेवाइकानं विचारला नव्हता. बाकीचे "बोलायला लागली का?" विचारतात. ताईंना निदान काहीतरी ठरवायचं होतं.

उत्तर मलाही माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

चिऊच्या फाइलवर 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' लिहिलंय. पाच वर्षांखालच्या मुलाची हालचाल, बोलणं, समज, अशा दोन किंवा जास्त बाबतींतली वाढ वयाच्या मानानं बरीच मागे असली की डॉक्टर असं लिहितात. आमच्या घरात त्याचा अर्थ असा, की एका पोरीत तीन-चार वयं राहतात. जिन्यावर ती दोन वर्षांची असते. बोलण्यात सव्वा वर्षाची: आई, पा म्हणजे पाणी, बाबा, नको, आणि कावळ्यासाठी एक आवाज. वस्तू तोंडात घालण्यात दहा महिन्यांची. हट्ट मात्र पूर्ण चार वर्षांचा, कदाचित पाचचा. आता सांगा, खोका कुठला घ्यायचा?

मंगळवार

आज ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी होती, म्हणून तिथल्या मॅडमनाच विचारलं. त्या नेहमीसारख्या चिऊकडे बघतच बोलल्या, माझ्याकडे नाही. म्हणाल्या, वय सोडा, ती आत्ता आपणहून काय करते ते सांगा.

मी सांगितलं. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं स्टीलच्या डब्यात टाकते, आवाज ऐकते, डबा उपडा करते, पुन्हा टाकते. वीस-वीस मिनिटं.

"मग पुढची पायरी बघू नका, अर्धी पायरी बघा," मॅडम म्हणाल्या. डब्याचं तोंड मोठं आहे, ते लहान करा. फट ठेवा. म्हणजे वस्तू नीट धरून, मनगट वळवून, नेम धरून टाकावी लागेल. आणि टाकल्यावर ती दिसेनाशी झाली तरी आत आहे, हेही कळेल. दिसत नाही ती वस्तू संपली नाही, एवढी समज बाळांना पहिल्या वर्षात हळूहळू येते म्हणे. चिऊला अजून कधी येते, कधी नाही. (माझ्या चष्म्याच्या बाबतीत मलाही नाही.)

रिक्षात बसल्यावर गेल्या वर्षीची खेळणी आठवत राहिले. रिमोटची गाडी, इंग्रजी गाणी म्हणणारी बाहुली, ठोकळ्यांचे तीन संच, आणि मी घेतलेली तीनचाकी सायकल. बाहुलीच्या आवाजानं चिऊ कान झाकून पलंगाखाली गेली होती. बाहुलीची बॅटरी त्याच रात्री काढली. सायकल माळ्यावर आहे. लाल, मागे टोपली असलेली. ती मी कुणासाठी घेतली होती ते मला चांगलं माहीत आहे. खालच्या मजल्यावरची मुलं अंगणात सायकली फिरवत होती, त्यांच्यात एक जास्तीची मुलगी मला दिसत होती. चिऊला तेव्हा चालायला लागून तीनच महिने झाले होते.

बुधवार

तुळशीबागेत गेले. चिऊला घेऊन जायचं नव्हतं, पण आजीचे गुडघे आज बरे नव्हते. दुकानदारानं विचारलं, "बाळ किती वर्षांचं?"

"दोन," मी म्हटलं.

बाळ माझ्या कडेवर होतं आणि बाळाचे पाय माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. त्यानं पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्यानं दोन वर्षांचे खोके काढायला वळला. भला माणूस. पण मला मात्र चोरी केल्यासारखं वाटलं. तिची दोन वर्षं मी भर दुकानात खिशात घातली.

खोक्यावरचं वय हे एक गौडबंगालच आहे. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे त्या वयाच्या मुलाला यात गंमत वाटेल. दुसरी म्हणजे त्याहून लहान मुलाच्या हातात हे धोक्याचं आहे. गोल चेहऱ्यावर तिरकी रेघ आणि खाली ०-३ असं चित्र असतं ते दुसरीसाठी, तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकतील असे भाग आत असतात म्हणून. ज्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून हे छापतात त्यांची तोंडात घालण्याची सवय तीनपर्यंत बहुतेक सुटलेली असते. चिऊची सुटलेली नाही. म्हणून गमतीच्या बाबतीत मी खोक्यावरचं वय खुशाल विसरते, पण त्या तिरक्या रेघेच्या बाबतीत चिऊ चारची होवो की सातची, माझ्या लेखी ती अजून तीनच्या आतलीच. आयएसआयची खूणही बघते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ती सक्तीची आहे. आणि बटणासारखी चपटी बॅटरी असलेलं काहीही घरात येऊ देत नाही. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

शेवटी काहीच घेतलं नाही. भातुकलीच्या दुकानासमोर मात्र चिऊनं गाडी थांबवली. पितळेच्या पातेल्यावर झाकण ठेवायचं, काढायचं, ठेवायचं. दुकानातल्या बाईंनी तिला दहा मिनिटं खेळू दिलं आणि एकदाही वय विचारलं नाही. ताईंना तिथूनच फोटो पाठवला: "हे घ्या. वाटीएवढी भांडी असलेलं, चिमुकलं नको."

गुरुवार

श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन झाकणाला फट पाडली. कडा टोचत होत्या, त्यांवर कापडी टेप लावली. आता आत टाकायला काय? बाटल्यांची झाकणं फटीत जात नाहीत. यांनी माळ्यावरून कॅरमच्या सोंगट्या काढल्या आणि विजयी मुद्रेनं समोर ठेवल्या.

वस्तू घशात अडकेल का, याची आमच्याकडे एक परीक्षा आहे. टिश्यूच्या गुंडाळीचं आतलं नळकांडं घ्यायचं, वस्तू त्यात सोडायची. आरपार गेली की नापास. कारखान्यात यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं मोजमाप वापरतात, नळकांडं त्याहून थोडं मोठं, म्हणजे आमची परीक्षा जास्त कडक. सोंगटी सुळकन खाली पडली. नापास. काळी, पांढरी, राणी, सगळ्या नापास. मग यांनी स्ट्रायकर सोडला. तो तोंडाशीच अडकला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. संध्याकाळी हे खेळाच्या सामानाच्या दुकानातून आठ स्ट्रायकर घेऊन आले, आठ रंगांचे. दुकानदार म्हणाला म्हणे, "क्लब काढताय का साहेब?"

शनिवार

सावंतवाडीची आजी, म्हणजे माझी आई, सकाळी आली. आल्याआल्या पांगुळगाड्याकडे गेली. तो तिनं चिऊच्या पहिल्या वाढदिवसाला तिथल्या चितारआळीतून, लाकडी खेळण्यांच्या बाजारातून आणला होता, लाकडी, तीन चाकांचा, रंगवलेला. तेव्हा चिऊ आधाराशिवाय बसतही नव्हती. मला त्याच्या नावाचाच इतका राग आला होता की मी तो चादरीत गुंडाळून ठेवला. आई काहीच बोलली नाही. ती त्याला नुसतं 'गाडा' म्हणायची.

दीड वर्षानं फिजिओच्या मॅडमनी विचारलं, ढकलून चालायचं काही आहे का घरी? ज्याच्यात बसवतात तो वॉकर नको, हातानं ढकलायचं. मग चादर सोडली. गाडा हलका, पुढे पळायचा, म्हणून त्याला दोन किलो तांदळाची पिशवी बांधली. दोन वर्षं नऊ महिन्यांची असताना चिऊ तो सोडून पाच पावलं चालली, ती थेट आजीकडे.

आजही त्याला तांदळाची पिशवी आहे. आईनं ती चाचपून पाहिली आणि म्हणाली, "पोरकिडे झालेत यात, बदल."

रविवार, रात्री उशिरा

पाहुणे अकराच बोलावले होते. फुगे नाहीत, ते फुटतात. भेटी एका वेळी एकच उघडायची आणि बाकीच्या माझ्या खोलीत, हेही आधीच सांगून ठेवलं होतं. काहींना ते विचित्र वाटलं असावं. वाटू दे. दर पंधरा दिवसांनी एक बाहेर काढीन, दिवाळीपर्यंत पुरतील. दोघांनी पाकीट दिलं, ते ओटीच्या फीमध्ये जाईल. मनापासून सांगते, पाकिटाइतकी छान भेट नाही, फक्त तोंडानं मागता येत नाही.

औक्षणाच्या वेळी आईनं तबक ओवाळलं आणि चिऊनं झडप घालून सुपारी उचलली. मी, हे आणि ताई तिघंही एकदम धावलो. नळकांड्याची परीक्षा न घेताच सुपारी नापास झाली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर श्रीखंडाचा डबा तिच्यासमोर ठेवला. आत तळाला स्टीलची वाटी ठेवली होती, आवाजासाठी. पहिला स्ट्रायकर तिनं आडवा धरला, तो फटीवर आपटत राहिला. तिनं तो चावून पाहिला. पुन्हा आपटला. माझा हात शिवशिवत होता, पण मॅडमनी दहापर्यंत मोजायला सांगितलंय, मी मोजत होते. सातला मनगट वळलं. टण्ण.

तिनं डबा कानाशी नेला. हलवला. मग माझ्याकडे बघितलं आणि कावळ्याचा आवाज काढला.

सोमवार, सकाळी

आठपैकी सहा स्ट्रायकर सापडले. एक यांच्या बुटात होता, एक लेटरबॉक्समध्ये, एक कपाटाच्या दाराच्या फटीत, दोन डब्यात, एक माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. फट दिसली की टाकायचं, असं दिसतंय. सातवा वॉशिंग मशीन वाजायला लागल्यावर कळला. आठवा अजून नाही. आईचं म्हणणं, फ्रिजखाली बघ. झाडू घालते आता.